गेरूचं कडं

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले, एवढंच माझं कर्तृत्व. पण विक्रोळीच्या आमच्या चाळीत माणसं बहुतेक कोकणातली, त्यामुळे कुणाची कंबर धरली की पाय लावायला मला बोलावणं यायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा आमच्याकडे राहणाऱ्या आत्याच्या पायावर धावरं उठलं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. तिथून लाली निघाली आणि घोट्यावर चढली. कातडी तकतकीत आणि चटका बसेल इतकी गरम. आईने वाटीत गेरू भिजवला. पायाळू माणसाने धावऱ्याभोवती कडं काढायचं, मग ते बाहेर जात नाही. रोज सकाळी जुनं कडं ओल्या फडक्याने पुसून नवं काढायचं, असा रिवाज.

दुसऱ्या सकाळी बघते तर लाली कड्याबाहेर दोन बोटं आलेली. आई तांदूळ निवडत होती, आत्या डोळे मिटून पडली होती. मी फडकं फिरवलं आणि नवं कडं दोन बोटं वर काढलं. आत आहे ना, असं आईने विचारलं. आतच आहे, म्हटलं. लाजेने म्हटलं की भीतीने, आजही सांगता येत नाही.

पुढेही तेच. मी जिथवर रेघ ओढीन, तिथवर ते यायचं आणि जरा पुढे जायचं. ते माझ्याच हाताची वाट बघतंय असं वाटायला लागलं. वर्गात बसले तरी बोटांना गेरूचा वास येई. पाचव्या दिवशी कडं गुडघ्याखाली पोचलं. खिडकीतल्या उन्हात पुसलेल्या रेघा पुसट दिसत होत्या, एकीवर एक, घोट्यापासून वर. आत्या तापात तिच्या मेलेल्या सासूशी बोलत होती, मधेच तिला बसायला जागा देत होती.

मी वडिलांच्या मागे लागले. टॅक्सीने तिला घाटकोपरला नेलं. डॉक्टरांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि लालीच्या कडेने रेघ ओढली. माझ्या अंगावर काटा आला. साखळीने वाढणारे जंतू कातडीखालून पसरत होते. त्यांच्यावर पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली.

"ही रेघ पुसायची नाही," डॉक्टर म्हणाले. "लाली बाहेर गेली तर लगेच या."

लाली निळ्या रेघेच्या आत राहिली आणि हळूहळू उतरली.

आत्या बरी झाली आणि चाळभर माझं कौतुक करत सुटली. महिन्याभराने कांदिवलीहून तिच्या ओळखीची एक बाई आली. कडेवर तान्हं मूल, गालावर तीच तकतकीत लाली. आईने गेरूची वाटी माझ्यापुढे ठेवली.

"हिचो हात लागलो म्हणान माझो पाय वाचलो," आत्या तिला सांगत होती.

मी वाटी लांब सारली. मुलाला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या, असं त्या बाईला सांगितलं. मग आत्याकडे वळले.

"कड्याने ते थांबलंच नव्हतं, आत्या. मी रोज कडं वर काढत होते."

वडील त्या बाईला घेऊन निघाले. आत्याने लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि घोट्यापासून बोट हळूहळू वर नेलं.

"किती येळा गो?"

"चार."

तिने लुगडं खाली ओढलं. पुढे तिची कंबर कितीदा धरली, पण पाय लावायला तिने मला कधी बोलावलं नाही.