दवाखान्यातली सवत

माझ्या नवऱ्याला बोलता येतं, हे मला दोन लेकरं झाल्यावर उस्मानाबादच्या दवाखान्यात कळलं.

बेंबळीला आमच्या घरी दिवसा नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची रीत नव्हती. ह्यांना पाणी हवं असलं तर हे आईला सांगत, सासूबाई मला सांगत. रात्री दार लागल्यावर "दिवा बारीक कर", बस्स. मी समजत होते, माणूसच घुमा आहे. मग ह्यांचं पोट दुखायला लागलं. वाटेत चक्कर आली तर कुणीतरी असावं म्हणून सासूबाईंनी मला दवाखान्यात सोबत धाडलं.

मी बाहेर ओट्यावर बसले. दाराला नुसता पडदा होता. डॉक्टर वयस्कर, हैदराबादला शिकलेले. "तकलीफ सांगा," म्हणाले आणि गप्प बसले. हे थांबले की ते म्हणत, "अन् मग?" पुन्हा गप्प. आणि आमचा घुमा माणूस बोलतच सुटला. पहाटं पोटात आग पडते. एकटाच उठून अंगणात फिरतो. आपलं बरंवाईट झालं तर लेकरांचं कसं, या भीतीनं डोळा लागत नाही. शेजारी निजणारी मी, आणि मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

त्या डॉक्टरपेक्षा सवत परवडली असती. सवतीशी निदान भांडता येतं. परत येताना एसटीत हे औषधाची बाटली मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसले. माझ्याशी एक शब्द नाही.

पुढं बाजारच्या दिवशी हे दवाखान्यात निघाले की माझ्या हातून भांडी आपटत. धुतलेला सदरा काय, तेल लावलेले केस काय! लग्नातही एवढे नटले नव्हते. औषध त्या डॉक्टरचं असेल, पण ताट तर मीच वाढते ना, असं मनाशी म्हणत मी येसर मसाल्याची आमटी आणखी झणझणीत करू लागले. भाकरीवर ठेचा जास्तच ठेवायची. हे मुकाट्यानं जेवत.

पोट काही बरं होईना. एके दिवशी उलटीत रक्त दिसलं, तेव्हा मी पुन्हा सोबत गेले. या खेपेला डॉक्टरांनी मलाच आत बोलावलं.

"बाई, ह्यांच्या पोटात जखम आहे. तिखट बंद, दूधभात द्या, असं मी दुसऱ्याच खेपेला ह्यांना सांगितलं होतं. असंच चाललं तर सोलापूरला नेऊन पोट चिरावं लागेल."

"मला कुणी सांगितलंच न्हाय," मी पदराआडून म्हणाले.

ह्यांनी मान खाली घातली. "घरात समद्यांदेखत, माझ्या एकट्यासाठी निराळं रांधा, असं कसं म्हणावं?"

डॉक्टरांनी आमच्या दोघांकडं बघितलं. मग उठले. "मी बाहेर बसतो. मला सांगितलं ते सारं बायकोला सांगा," म्हणाले आणि पडदा सारून खरंच ओट्यावर जाऊन बसले.

भर दिवसा आम्ही दोघंच. हे टेबलाकडं बघत होते. तसंच बघत म्हणाले, "पहाटं पोटात लई आग पडती."

मला ते तोंडपाठ होतं. तरी ते मला सांगितलेलं हवं होतं, दुसऱ्यांदा का होईना. पुढं काय विचारावं ते मात्र सुचेना. मला आठवत होते ते शब्द त्या सवतीचेच होते.

"अन् मग?" मी म्हणाले.