पेटीच्या आतून निघालेला दाखला

जळगाव-धुळ्यात मी आजवर एवढी स्वयंसेवा मशीनं बसवली आहेत, की एकावर एक रचली तर सातपुडा मान वर करून बघेल. त्यांतल्या एकाने मात्र मलाच गिळलं.

शिरपूरकडची एक कचेरी. लोकांनी स्वतः बोट लावून दाखले छापून घ्यायचे, अशी सोय. समोर दिसतो तो नुसता पडदा. खरा कॉम्प्युटर दूर कुठल्या तरी सर्व्हरवर. तार क्षणभर सुटली, की भरलेलं सगळं पुसून पुन्हा पहिलं पान. एकाची माहिती दुसऱ्याला दिसू नये म्हणून मीच तसं लावलेलं. मोठ्या शहाणपणाने.

मशीनभोवती प्लायवूडची पेटी होती. मी आत घुसून तार खोचत होतो. तिच्या टोकाची प्लॅस्टिकची खुटी तुटलेली, म्हणून बोटाने दाबून धरली. तेवढ्यात ड्रिल घरघरलं. पेटी बनवणारा सुतार मागची फळी स्क्रूने आवळून टपरीवर शेवभाजी खायला गेलासुद्धा! मी असा ओरडलो, की तापीपलीकडच्या म्हशी बिथरल्या असतील. पण कचेरीत ओरडणाऱ्याकडे कोण बघतं?

मोबाईल बाहेर टेबलावर. आत श्वास घ्यायचा तर आधी पोटाची परवानगी. गरमी एवढी, की खिशातल्या पेनातली शाई उकळली. हवेसाठी ठेवलेल्या फटीपुढे एक हिरवं लुगडं येऊन थांबलं.

"कोण शे रे मजार?" लुगड्यातल्या अक्का वाकून आत डोकावल्या.

"मशीन बसवणारा. तार धरून आत अडकलोय, अक्का. सुताराला बोलवा."

"तू तार सोडी तं मशीन बंद पडी का?"

"पडेल."

"मंग सोडू नको. पहिले मना दाखला, मंग सुतार."

पोरीला धुळ्याच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. उत्पन्नाचा दाखला आज संध्याकाळपर्यंत पोचला नाही, तर जागा दुसरीला. दाखला मंजूर होता, फक्त छापायचा होता, आणि तीनची गाडी गाठायची होती. मी खुटी आणखी घट्ट दाबली. मीही पोरीचा बाप, वर कैदी.

पडदा मला दिसत नव्हता, पण पानं तोंडपाठ होती. "खालचं निळं बटण दाबा. आता अर्जाचा नंबर." शेतात घासलेलं त्यांचं बोट पडदा ओळखेना. त्या पदराला पुसून पुन्हा दाबायच्या.

रांगेतल्या मागच्या आबांनी विचारलं, "अक्का, मशीन बोलस का?"

"मजार मानूस शे."

"मंग बरं शे. दरखेपी असाच ठेवाले पाहिजे."

शेवटच्या पानावर घामाने माझं बोट घसरलं. पुन्हा पहिलं पान.

"भाऊ!" अक्का एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला नाकावर मुंगी चढली. जी शिंक दाबली, ती अजून छातीत कुठेतरी आहे. बोट बधिर झालं तरी हललं नाही. शेवटी प्रिंटर खडखडला.

"निंघना रे, निंघना!"

बाई शब्दाची पक्की. गाडी हॉर्न मारत असताना आधी टपरीवर गेल्या, सुताराला ओढत आणलं, मग कागद छातीशी धरून पळाल्या. फटीतून मला त्यांच्या टाचा दिसल्या आणि सुताराचं ड्रिल.

आबांनी ड्रिल धरलं. "थांब रे. आमनं बठ्ठासनं होऊ दे." म्हणजे साऱ्या रांगेचं.

सुताराने रांगेकडे पाहिलं, माझ्या फटीकडे पाहिलं, आणि ड्रिल खाली ठेवून रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्यालाही सातबारा हवा होता.