आबांचा अर्धा इंच

ग्रीलच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. एक लोखंडाचा चुरा, दुसरे गिऱ्हाइकांचे किस्से. चुरा महिन्याकाठी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते माझ्याच डोक्यात! जामसंड्याला अठरा वर्षं मी गेटं, ग्रील, पत्र्याच्या शेड करतोय. पण अठरा वर्षांत झाली नाही एवढी भर आमच्या आबांनी एकट्याने चार महिन्यांत घातली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं ताळ्यावर येणार नाही, म्हणून सांगतो.

आबा म्हणजे आमच्या वाडीतले रिटायर पोस्टमन. तेहेतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. मी हाफ पॅडल शिकलो ते त्यांच्याच सायकलवर, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय नाही. रिटायर झाले आणि मणक्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद, रोज चाला. आबांनी सायकल बंद केली आणि चालणंही बंद केलं.

"चालूक काय, गुरांक पण येता!" म्हणाले, आणि पडवीतल्या खुर्चीत बसले. वर्षभर फाटकाबाहेर पाऊल नाही. पहाटे पाठीची गोळी घेऊन पुन्हा आठपर्यंत झोपायचं, मग खुर्ची.

आबांची बायको, आमची मालतीकाकी, एक दिवस दुकानात आली, डोळ्यांत पाणी. "बाळू, ह्यांका घराभायर काढ रे बाबा. दिवसभर भिंतीवरची पाल बघीत बसतत. माणूस असो संपान जातलो."

एवढंच काम होतं बघा. आबांना फाटकाबाहेर काढायचं. बाकी सगळं त्यातून वाढलं.

*

आबांचा मुलगा सुहास पुण्याला असतो. त्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. तीन चाकांची सायकल, माणूस मागे रेलून आरामखुर्चीत पडलाय, पाय पुढे, आणि पाय मारत चाललाय! पाठीवर काही भार नाही. ही म्हणे परदेशात मिळते. म्हणजे इकडे करणार कोण? बाळू!

आबांनी तीनदा व्हिडिओ बघितला. चौथ्यांदा म्हणाले, "निजान चलवतत काय रे? ह्या बरा आसा."

वर्षभरात पहिल्यांदा त्या माणसाचे डोळे चमकले. मी तिथेच हो म्हणून बसलो. गाढव!

सुहासने फोनवर माप घ्यायची रीत सांगितली. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचं, पाय सरळ पसरायचे आणि भिंतीपासून टाचेपर्यंत टेप धरायची. मी आबांना म्हटलं, बसा.

"मी खाली बसलंय तर वर कोण उठयतलो? तू?"

"मग माप कसं घेऊ?"

तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. आबा म्हणाले, "गो, तू बस. आमची उंची सारखीच."

काकी आबांच्या खांद्याला लागते! पण तेहेतीस वर्षं सायकलवर बसून बायकोकडे बघितलेल्या माणसाला ते कसं कळावं? आणि मीही असा शहाणा, की काकी बसली आणि मी माप घेतलं! काकी पाय पसरून हसत होती. उठली तेव्हा पाठीवर चिऱ्याच्या भिंतीची लाल माती. ती झटकत म्हणाली, "कित्येक वर्षांत अशी पाय सोडून बसलंय नाय हो मी."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. मापाच्या वहीत आकडा लिहिला, त्यावर नाव टाकलं, आबा.

*

पहिली सायकल घेऊन गेलो. आबा बसले. गुडघे हनुवटीला!

"बाळू, ही सायकल आसा की न्हाव्याची खुर्ची?"

परत आणली. पुढची नळी कापली, तीन इंच वाढवली, वेल्डिंग केलं. तर चेन पुरेना. चेन वाढवली, तर हँडल लांब पडलं. हँडल जवळ घेतलं, तर वळवताना मांडीला लागायला लागलं. खिडकीच्या ग्रीलचं एक माप चुकलं तर एक माप चुकतं. या सायकलचं एक माप हलवलं की बाकीची तीन रुसतात!

सगळं जुळवून नेली, तर आबा पडल्या पडल्या म्हणाले, "माझ्या पायाचे आंगठे दिसतत. रस्तो दिसना नाय."

सीट दोन इंच वर घेतली.

मग सुहासचा व्हिडिओ कॉल. "बाळूदादा, पाठीचा अँगल एकशे तीस पाहिजे हं." आता एकशे तीस मी कशाने मोजू? मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, सीटला लावला आणि एकशे तीसवर वेल्डिंग मारलं. संध्याकाळी मुलगी रडत आली. भूमितीची चाचणी होती आणि कोनमापक वितळून पापडासारखा झाला होता!

बायको म्हणाली, "आबांका बाहेर काढतास की पोरीक शाळेतून?"

*

शेवटी एका रविवारी सायकल जुळली. म्हणजे मला तरी तसं वाटलं. आबा फाटकाबाहेर पडले. काकी दारात पदर धरून उभी. मी मागून चालतोय. आबांचा वेग वाढला, घंटी वाजवली, चेहऱ्यावर हसू.

पन्नास पावलांवर बाबली भेटला. बाबली म्हणजे माझ्या दुकानाचा बिनपगारी मॅनेजर. काम काही करत नाही, पण त्याच्याशिवाय माझ्या चहाचं पान हलत नाही. मनाने चांगला आहे, तोंडाला मात्र ब्रेक नाही. आबांना असं रेललेलं बघून काळजीने ओरडला,

"अरेरे! आबानू, पायाक काय झाला?"

आबांनी तिथेच सायकल वळवली, अंगणात आणून लावली आणि खुर्चीत जाऊन बसले. मी बाबलीला एवढ्या शिव्या घातल्या की तो दोन दिवस चहाला आला नाही. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. गावभर टपाल वाटलेल्या माणसाला कुणीतरी विचारलं होतं, पायाला काय झालं.

*

त्या दिवसापासून अर्धा इंच सुरू झाला.

"बाळू, पॅडल अर्धो इंच लांब पडता." गेलो, केलं.

"बाळू, सीट अर्धो इंच वर हवी." गेलो, केलं.

"बाळू, हँडल अर्धो इंच माझ्याकडे घे. आणि कालचा पॅडल होता तिथेच बरा होता."

आबा अंगणातल्या अंगणात सायकलवर बसायचे, डोळे मिटायचे, पाय एकदा पुढे एकदा मागे करायचे आणि मान हलवायची. नाही. अर्धा इंच. माझी गेटं पडून राहिली, लोक दुकानात येऊन भांडायला लागले आणि मी आबांच्या अंगणात उकिडवा बसून अर्धा इंच शोधतोय! अहो, अर्ध्या इंचासाठी कुणी घरात बसतं का? मला कळत होतं दुखणं कुठे आहे ते. पण ते काही माझ्या वेल्डिंगने जोडता येणार नव्हतं.

शेवटी वैतागून मी सीटखालच्या नळीला सात भोकं पाडली. प्रत्येकात इंचाचं अंतर. "हे घ्या आबा! बोल्ट काढा, सीट सरकवा, बोल्ट आवळा. हा षटकोनी पाना घ्या. रोज नवं माप लावा, मला बोलावू नका!"

दुसऱ्या दिवशी फोन. "बाळू, पानो हरवलो."

मी कपाळावर हात मारला. स्वतः जाऊन दुसऱ्या पान्याने सीट पाचव्या भोकावर आवळली. आबांचं खरं माप ते पाचवंच. तो पाना खिशात घातला आणि म्हटलं, आता हात लावायचा नाही.

*

आणि इथून पुढे माझं डोकंच चालेना.

दोन दिवसांनी आबांचा फोन. "तुझा काम ढिला आसा. सीट पुढे सरकता."

"बोल्ट आरपार घातलाय आबा! सरकणार कशी?"

"माका काय इचारतस? येवन बघ!"

गेलो. सीट दुसऱ्या भोकावर! बोल्ट व्यवस्थित आवळलेला. पाना माझ्या खिशात. मी परत पाचव्यावर नेली. दोन दिवसांनी पुन्हा दुसऱ्यावर. वाडीतल्या पोरांना दम भरला, ती बिचारी शपथा घेत बसली. काकीला विचारलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "माका काय कळता रे त्या नटबोल्टातला?"

बाबलीला मात्र लगेच कळलं. "देवचार!"

देवचार म्हणजे आमच्या गावाचा राखणदार. दिसत नाही, पण हद्दीवरून फेऱ्या मारतो, हातात काठी, पायात वहाणा. त्या झिजल्या की लोक नव्या वाहतात.

"चालान चालान दमलो असतलो," बाबली म्हणाला. "सायकल गावली, बसलो. त्येचा पण वय झाला ना?"

"अरे पण सीट दुसऱ्या भोकावर असते! देवचार एवढो बुटको?"

बाबलीने जरा विचार केला. "बसल्यार बुटकोच दिसतलो."

याच्याशी काय बोलणार? त्याने संध्याकाळी जाऊन सायकलच्या सीटवर एक नारळ आणि विड्यांचं बंडल ठेवलं, हात जोडले. सकाळी बघतो तर नारळ नाही. विड्या तशाच.

"विडी सोडल्यान वाटता," बाबली म्हणाला.

मी त्या सकाळी आबांकडेच होतो, सीट पाचव्या भोकावर न्यायला. काकीने घावणे दिले, सोबत नारळाचा रस. चांगला दाट रस होता. मी दोन वाट्या ओरपला आणि तरीही माझ्या डोक्यात काहीच प्रकाश पडला नाही. माझ्यासारखा ठोंब्या जामसंड्यात दुसरा नसेल.

*

बाबलीने ही देवचाराची बातमी दोन दिवसांत सगळीकडे केली. लोक सायकल बघायला यायला लागले. आबा खुर्चीतून बघत होते, आणि त्यांचा पारा चढत होता.

"बाळू," ते एकदम ओरडले, "देवचाराक बसता, ती माका बसना नाय?"

मी काही बोलणार, तेवढ्यात बाबली बोलून गेला. "तो रोज जाता, आबानू. तुमी जावक नाय."

मला वाटलं, आता चप्पल फेकतात. पण आबा सायकलकडे बघत राहिले. मला निघताना म्हणाले, "पाचव्या भोकार आसा ना रे?" मी हो म्हटलं. त्यांनी अर्ध्या इंचाचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी शटर वर करत होतो. बाबली चहाची वाट बघत पायरीवर. आणि समोरच्या उतारावरून एक माणूस येताना दिसला. अंगात खाकी शर्ट, एक हात कमरेवर, केस विस्कटलेले, रागाने लाल. आबा! घरापासून दुकान दीड किलोमीटर. चालत!

माझ्या हातातून शटरचा आकडा पडला. बाबलीच्या तोंडाला तर सवयच. "आबानू, पायाक काय झाला?"

"पायाक काय होतला? चालान इलंय!" आबा गरजले. "बाळू, सायकल खंय आसा? आज चलवतलंय म्हणान सहाक उठलंय, गोळी घेवक नाय, तोंड धुवन शर्ट घालून आंगणात येतंय तर सायकलच नाय!"

मी स्टूल पुढे केलं. बसायला तयार नाहीत. एवढ्यात बंदराच्या बाजूने घंटी वाजली.

मागे रेलून, पाय पुढे, साडीखाली सुहासची जुनी ट्रॅकपँट, हँडलला मासळीची पिशवी, आणि आमच्या मालतीकाकी अशा झोकात आल्या की काय सांगू! दुकानासमोर ब्रेक मारला. बाबलीने नकळत हात जोडले.

"गो!" आबा. "ह्या काय?"

"बांगडे."

"बांगडे दिसतत माका! माझी सायकल..."

"तुमची खंयची? भिंतीक बसवन माप माझा घेतलास. तुमचो अर्धो इंच सरेपर्यंत ती गंजान गेली असती." मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाली, "रोज वाटायचा, आज तुमी मागसून येशात."

आबांचा चेहरा क्षणभर हलला. मग त्यांनी तो राग माझ्यावर काढला, कारण मी जवळ होतो.

"बाळू, सीट पाचव्यार घे! आताच्या आता! माका घराक सायकलीन जावचा आसा. आणि बोल्ट असो आवळ, की परत कोणाक सुटता नये!"

मी खिशातून पाना काढला. काकी सायकलवरून उतरली, बांगड्यांची पिशवी आबांच्या हातात दिली आणि कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून पदराने पुसला. कपाटाची चावी, पेटीची चावी, आणि दोन्हींच्या मधे हरवलेला षटकोनी पाना.

"आवळ रे बाळू, कितीय आवळ," ती म्हणाली. "माका सोडूक येता."