पावण्यांचं पुडिंग

चहा घेता घेताच सांगतो, पण कप जरा हातात घट्ट धरा, नाहीतर हसताना सांडाल आणि आमच्या हिच्या नव्या चादरीचं खापर माझ्यावर फुटेल. माझ्या हातून जो घोळ झालाय तो मी सांगितला नाही, तर ही सांगते. आणि ही तिखटमीठ लावून सांगते. त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

तर धोंड्याचा महिना लागला होता. म्हणजे तीन वर्षांतनं एकदा येणारा अधिक महिना. लेक-जावयाला घरी बोलवायचं, लक्ष्मी-नारायणाचा जोडा म्हणून पाटावर बसवायचं, पुरण भरलेले कणकेचे धोंडे वाढायचे आणि वर तूप सोडायचं. आमच्या अश्विनीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. जावई गारगोटीचे. नाव निखिल, पण आमच्याकडं जावयाला नावानं कोण हाक मारतं? पावणं म्हणायचं आणि मान तुकवायची.

जेवणाच्या आठवडाभर आधी अश्विनीचा फोन आला.

"बाबा, आई जवळ हाय काय?"

"न्हाई, भिशीला गेलीया."

"बरं झालं. तिला सांगू नका, उगंच घाबरंल. डॉक्टरांनी तपासणी केली, अ‍ॅलर्जी निघालीया. गहू, दूध, अंडं, तिन्ही बंद."

गहू आणि दूध सोडून धोंडा खायचा कसा? आणि अंडं सोडून कोल्हापुरात मिसळीनंतर दुसरा नाष्टा कुठला करायचा?

"मटण चालतंय न्हवं?" मी घाबरतच विचारलं.

"चालतंय की."

जीव भांड्यात पडला.

"मी एक व्हिडिओ पाठवते," ती म्हणाली. "मायक्रोवेव्हमध्ये कपात स्पंज पुडिंग हुतंय. तांदळाचं पीठ, केळं, गूळ, नारळाचं दूध, तेल. तेवढं जमलं तर बघा. आणि बाबा, ऐका…"

"ऐकलं सगळं. तू काळजी सोड, माझ्यावर सोपव," म्हणालो आणि फोन ठेवला.

ती पुढं काय सांगणार होती, ते ऐकायची गरजच वाटली नाही. धोंड्याच्या महिन्यात पथ्याचा विषय निघाला म्हणजे तो जावयाचाच असणार. पावणं आजारी, पोरगी बिचारी आईपासून लपवतेय, आणि भार बापाच्या खांद्यावर. मला तर भरूनच आलं. व्हिडिओ आला, मी उत्तरादाखल अंगठा पाठवला.

आता आमचा मायक्रोवेव्ह. अश्विनीनंच हौसेनं आणलेला, पण तिच्या मागं त्यात पापडाचे डबे राहायचे. मी डबे बाहेर काढले आणि रफीकला बोलावलं. रफीक माझा शाळेपासूनचा दोस्त. शिलाईचं दुकान पोराच्या हवाली करून मोकळा झालाय, त्यामुळं कुठल्याही वेळी, कुठल्याही कामाला हजर. त्याला तेवढं गुपित सांगितलं.

"अरारा," तो म्हणाला. "एवढा जवान गडी आणि दूध बंद? लेकीला किती घोर असंल."

ही दुपारी बाहेर पडली की आमचे प्रयोग सुरू. व्हिडिओतली बाई दीड मिनिट म्हणाली होती. मी म्हटलं, दीड मिनिटात काय शिजतंय? पाच मिनिटं लावली. जे बाहेर आलं त्यावर रफीकनं चमचा वाजवून बघितला आणि म्हणाला, "भावा, हे पन्हाळ्याच्या तटात बसवलं तर शंभर वर्षं हालायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सोडा जरा जास्तच पडला. कपातलं पीठ आधी वर आलं, मग बाहेर आलं, मग दाराच्या फटीतनं आम्हाला बघायला आलं.

तिसऱ्या दिवशी जमलं हो. मऊ, गुळाच्या रंगाचं, केळ्याच्या वासाचं. रफीकनं डोळे मिटून खाल्लं. आणि तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. जावयाला पहिल्या धोंड्याला चिनीमातीच्या कपात वाढायचं? लोक काय म्हणतील? कपाटातली चांदीची वाटी काढली, तिच्यात पीठ ओतलं, आत ठेवली आणि बटण दाबलं.

आत जी दिवाळी झाली म्हणता. चटचट ठिणग्या उडाल्या आणि घरातली वीज गेली. नेमकी त्याच वेळी ही दारात.

"काय करायलाय वो?"

"काही न्हाई. पापड भाजतोय."

"आणि रफीकभाई टेबलाखाली कशाला गेल्यात?"

"पापड शोधालोय, वहिनी," आतनं आवाज आला.

शेवटी मी पावण्यांसाठी काहीतरी गोड शिकतोय, इतकं कबूल केलं. लग्नाला तीस वर्षं झाली, चहासुद्धा न टाकणारा नवरा जावयासाठी पुडिंग करतोय म्हटल्यावर ही इतकी खूश झाली की वाटीचा काळा डागही तिनंच घासून काढला.

जेवणाचा दिवस उजाडला. पाट, रांगोळी, समई, सगळं झालं. जोडा बसला. हिनं पावण्यांच्या ताटात दोन धोंडे वाढले, वर तूप सोडलं. पावण्यांचा हात उठला मात्र, मी झडप घालून ते दोन्ही धोंडे उचलले आणि अश्विनीच्या ताटात टाकले.

"अहो," ही म्हणाली, "जावयाच्या ताटातलं काढून घेता?"

"पावण्यांसाठी माझ्या हातचं हाय," म्हणत मी पुडिंग त्यांच्यापुढं ठेवलं आणि हळूच म्हणालो, "निवांत खावा. सगळं सांभाळून केलंय."

पावण्यांनी पुडिंग बघितलं आणि अश्विनीकडं सरकवलं. "हे तुला गं."

काय संस्कार. आजारी माणूस, पण पहिला घास बायकोला. मी ते परत ओढलं. "तिला आईच्या हातचे धोंडे लाडके हाईत. तुम्ही लाजू नका."

अश्विनी माझ्याकडं डोळे मोठे करून बघायला लागली. भुवयांनी ताटाकडं खुणावत होती. मला वाटलं, बापाचं कौतुक करतेय. मीही डोळा मारला.

पावण्यांनी एक संपवलं. मी दुसरं वाढलं. ते "मामा, बास" म्हणाले. आता आमच्याकडं पहिल्या बासला कोण थांबतं? तिसरं वाढलं. चौथ्याला त्यांच्या कपाळावर घाम आला. तोंडात पुडिंग, नजर मात्र अश्विनीच्या ताटातल्या धोंड्यांवर. पोरगी नुसता भात आणि कटाची आमटी खात बसलेली.

ते हिनं हेरलं.

"अशे, धोंड्याला हात का लावंनास? मगाशी दूधबी नको म्हणालीस." आणि हिचा चेहराच उजळला. "व्हय गं? गोड बातमी हाय?"

उत्तराची वाट कोण बघतंय? हिनं साखरेचा डबा आणून पोरीच्या तोंडात चिमूट कोंबली. पावणं मान हलवत होते, पण तोंड भरलेलं असल्यानं त्यांना बोलता येईना. मला वाटलं, आनंदानं गहिवरलेत. मीही गहिवरलो आणि तिथल्या तिथं रफीकला फोन लावला. "भावा, मी आजोबा हुणार."

"थांबा सगळी," अश्विनी म्हणाली. "तसलं काय न्हाई. अ‍ॅलर्जी मला हाय. मला. गहू, दूध, अंडं मला चालत न्हाई. मी बाबांना सांगितलंतं."

पावण्यांनी कसाबसा घास गिळला. "मामा, मला सगळं चालतंय. धोंडे तर लई आवडतात. केळं तेवढं आवडत न्हाई."

बरं, ही घाबरली का? छे. "एवढंच व्हय?" म्हणाली आणि ज्वारीची भाकरी थापायला आत गेली. अश्विनीच्या ताटातले धोंडे पावण्यांच्या ताटात गेले. रफीक पेढे घेऊन आला, त्याला दारातच सगळं सांगावं लागलं. पेढेही पावण्यांनाच दिले.

मी मात्र खरोखर खजील झालो. आजार लेकीचा, फोन लेकीचा, आणि मी "कुणाला?" एवढा एक शब्द विचारला नव्हता. नारायणाच्या नादात माझी लक्ष्मी स्वतःच्या माहेरी नुसता आमटी-भात खात बसली होती, आणि तरीही चारचौघांत बापाची फजिती नको म्हणून गप्प होती. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू?

"तुझ्यासाठी आत्ता करतो," म्हणालो आणि उठलो. आणि काय फुललं होतं म्हणता ते पुडिंग, तसं पुन्हा कधी जमलं नाही. स्वतःच्या हातानं लेकीसमोर ठेवलं, मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच मायेनं वर चमचाभर साजूक तूप सोडलं.

अश्विनीनं माझं मनगट धरलं. "बाबा, तूप कशाचं असतंय?"

"घरच्या लोण्याचं," मी अभिमानानं म्हणालो.

पावण्यांनीच निमूटपणे ते पुडिंग स्वतःकडं ओढून घेतलं.

मग पोरीनं पदर खोचला आणि आपलं पुडिंग आपणच केलं. मला फक्त बटण दाबू दिलं, तेही मायलेकी दोन्ही बाजूंनी माझे हात धरून उभ्या होत्या.