बिजलीला दिलं ते

"वाजलं का, सायेब?"

उठताना आणि बसताना गुडघा कटकन वाजायचा, आणि दोन्ही वेळा मावशी हे विचारायच्या. एक हात गव्हाणीवर, दुसरा उजव्या गुडघ्यावर, आणि तोंडभर हसू. समोरच्यानं "वाजलं" म्हटल्याशिवाय पुढचं काम सुरू व्हायचं नाही. नुसती मान हलवली तर त्या पुन्हा बसून पुन्हा उठून दाखवतील, ही भीती असायची.

भीती हा माझा जुना आजार. मी जनावरांच्या संशोधन केंद्रात तंत्रज्ञ, पण शेळीनं शिंग फिरवलं तरी मी भिंतीला चिकटतो. मावशींनी हे पहिल्याच दिवशी हेरलं. "ह्यो शेळीला भेतो, अन् शेळी ह्याला भेते. बराबर जोडी हाय!" असं त्यांनी अख्ख्या शेडला ऐकवलं. तुमच्या कामावर असं कुणी असेल, तर त्याचा राग किती वेळ टिकतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझा चहा येईपर्यंत टिकला.

मावशी डोंगरकडा गावच्या. सकाळी काळीपिवळी जीपनं यायच्या, शेळ्यांचा चारापाणी करायच्या आणि प्रत्येकीला नाव द्यायच्या. नाव देऊ नका, असं मी सांगून थकलो. कारण आमचं काम वेगळं होतं. शेळीला भूल देऊन मागच्या गुडघ्यातली गादी थोडी खरवडायची. तिच्याच कंबरेच्या हाडातून मूळपेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या, मग त्या गुडघ्यात सोडायच्या आणि नवी गादी धरते का ते पाहायचं. निम्म्या शेळ्यांना पेशी मिळायच्या, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते एकट्या केंद्राच्या मोठ्या मॅडमना माहीत. आम्हाला मुद्दाम सांगत नसत, कारण माणूस त्याला हवं तेच बघतो. शेवटी सगळ्या शेळ्या कायमच्या झोपवून त्यांचे गुडघे उघडून तपासायचे असतात. हे मावशींना माहीत होतं. त्या दिवशी त्या सुट्टी घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी येऊन मुकाट शेड धुवायच्या.

त्यांची लाडकी म्हणजे बिजली, पांढऱ्या कानाची. टोचल्यानंतर बरेच दिवस ती पाय ओढत चालायची. मग एका सकाळी तिनं सरळ गव्हाणीवरून उडी मारली. मावशी ओरडल्या, "अगं माय! सायेब, पाहून राहिले का?"

पाहत होतो. मलाही भारी आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसापासून मावशींनी एकच धोशा लावला. "बिजलीला दिलं ते मला द्या."

"मावशी, हे अजून शेळ्यांपुरतंच आहे. माणसाला द्यायची परवानगी नाही आम्हाला. आणि बिजलीला काय दिलंय, ते मलाही ठाऊक नाही."

"काहून ठाऊक न्हाई? उडी मारली की तिनं! पाण्यानं कुणी उड्या मारतं का?"

हसण्यावारी न्यायचं म्हटलं तरी मला त्यांचं कारण माहीत होतं. गावातल्या विहारात पौर्णिमेला वंदना असते. सगळ्या बाया खाली बसतात, गुडघे टेकून माथा टेकवतात. मावशींना मागं प्लास्टिकची खुर्ची देत. "बुद्धासमोर खुर्चीवर बसायचं, सायेब. पाटलीणबाई हाय का मी?" एवढं बोलताना मात्र त्या हसत नसत. येत्या वैशाखी पौर्णिमेला खाली बसायचंच, असं त्यांनी मनात धरलं होतं.

मध्येच एक वाईट गोष्ट झाली. एका काळ्या शेळीच्या गुडघ्यात पू झाला. सांधा तव्यासारखा तापला, तिनं चारा सोडला, अंग थरथरायला लागलं. सगळी औषधं दिली. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत ती गेली. त्या गुडघ्याची धग माझ्या तळहाताला बसली, ती अजून तिथंच आहे.

त्यानंतर मावशी काही दिवस आल्या नाहीत. आल्या त्या झोकात, जवळजवळ न लंगडता.

"टोचून आले!"

"काय टोचून आलात?"

"बिजलीचंच. शहरात एक जण देतो. मोठा बोर्ड हाय, एशी हाय. पोटातली चरबी काढली, मशीनीत फिरवली अन् दिली गुडघ्यात. तासाभरात मोकळी. तुमी बसा परवानगीची वाट पाहत."

"नीट स्वच्छ केलं होतं का? हातमोजे होते का? तपासण्या केल्या का काही?"

"तुमचं भ्याडपण जाणार न्हाई बघा," म्हणत त्या बसल्या, उठल्या. "ऐका. वाजलं का?"

खरंच वाजलं नव्हतं. मी तसं सांगितलं, तर लहान पोरीसारख्या खूश झाल्या.

पण त्या आठवड्यातच, झाडता झाडता, त्या खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. 'वाजलं का' विचारलं नाही, हसल्या नाहीत. मी धावत जाऊन लुगड्यावरूनच गुडघ्यावर हात ठेवला. कापडातून धग लागली. तीच धग. मी हात काढला, पण तोंड लपवायचं राहून गेलं.

"काळीवानी?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई हो, मावशी. काहीतरीच."

त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत मावशींना भ्यालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझी उरलीसुरली हिंमत तिथंच संपली.

केंद्राच्या जीपनं नांदेडला निघालो. वाटेत डोंगरकडा लागलं. तुमच्या मुलाला घ्यायला गाडी थांबवू का, म्हटलं, तर म्हणाल्या, "नका थांबू. लेकरं भेतील." पुढं हुडहुडीनं त्यांचे दात वाजायला लागले. ड्रायव्हर आरशात पाहत होता आणि मी त्याच्यावर उगाच खेकसत होतो.

मोठ्या दवाखान्यात त्यांचा गुडघा उघडून धुतला, डॉक्टरांनी शर्थ केली. मी भेटायला गेलो की एकच विचारायच्या, "बिजली?"

"उड्या मारून राहिली," मी सांगायचो. शेवटचं सांगितलं तेव्हा ते खरं नव्हतं. आदल्याच दिवशी प्रयोग संपला होता, शेड रिकामी होती. मोठ्या मॅडमनी सगळ्यांना बसवून कुणाला काय दिलं होतं ते वाचून दाखवलं होतं. मावशी "बरं हाय" म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी पूचं विष रक्तात पसरून त्या गेल्या.

मावशींच्या जलदानविधीला मी डोंगरकड्याला गेलो. विहारासमोर मांडव होता. त्यांचा मुलगा जवळ येऊन बसला. "सायेब, माय त्या शेळीचं लई सांगायची. ती औषधानंच बरी झाली ना?"

मांडवातल्या बाया कान देऊन ऐकायला लागल्या. त्यांतली एक म्हातारी गुडघा चोळत पुढं सरकली. "ह्याच्या मायला तिकडं डाक्टरचा हात वाईट लागला असंल. पण औषध खरं व्हतं म्हणते. दुसरीकडं कुठं भेटतंय का, बापा?"

'हो' म्हणालो असतो तर मुलाला तेवढाच आधार होता. पण त्या म्हातारीचा हात गुडघ्यावरून निघेना.

"बिजलीला औषध दिलंच नव्हतं," मी म्हणालो. "नुसतं मिठाचं पाणी दिलं होतं. ती आपली आपणच बरी झाली."

माझा आवाज चिरकला होता, पण ऐकू सगळ्यांना गेलं. मुलानं मान खाली घातली. वंदना सुरू झाली तशा बाया विहारात गेल्या. म्हातारी खांबाला धरून उठली, तेव्हा तिचा गुडघा मोठ्यानं वाजला. मी सवयीनं "वाजलं" म्हणालो. आत मागच्या भिंतीशी मावशींची खुर्ची होती, म्हातारी गुमान तिच्यावर जाऊन बसली.