मानेची लस

परदेशात इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात मी होते, तेव्हाची ही गोष्ट. मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात. माझ्यासमोर असायची कडककाकू. इस्त्री कडक, तशीच जीभही. एक सुरकुती दिसली की घडी मोडायला लावायची, आणि ते बरोबरच होतं. इंग्रजी मात्र तिचं नि माझं सारखंच, म्हणजे नावापुरतं.

शाळेतून काकूच्या लेकीच्या लसीचा निरोप आला. लेक म्हणाली, "सर्व्हायकलची लस आहे." पुढचं तिला मराठीत सांगता येईना, लाजही वाटली. काकूने नकार कळवून टाकला.

"सर्व्हायकल म्हणजे मानेचं दुखणं," ती मला म्हणाली. "मान माझी गेलीय, या चादरींपायी. पोरीला कशाला टोचायचं?"

"मग तूच घे," मी थट्टेने म्हटलं.

तिने ते खरंच धरलं. काम सुटल्यावर मला ओढत दवाखान्यात नेलं आणि नर्सला मान दाखवून "इंजेक्शन" म्हणाली. नर्स गोंधळली. तिने फोनवर मराठी दुभाषी बाई बोलावली.

काकूने सगळं सांगितलं. पलीकडून हसू दाबल्यासारखा आवाज आला. "अहो ताई, ही ती मान नव्हे. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो ना, तो टळावा म्हणून ही लस. लहान वयात घेतलेली उत्तम."

काकूने फोन जवळ ओढला. "माझी थोरली जाऊ त्यानंच गेली. आणि लस उद्या आहे हो! मी तर नको म्हणून कळवलंय."

"मी शाळेला फोन करू का?" दुभाषी बाईने विचारलं.

"नको. नको मी म्हटलं, हो पण मीच म्हणणार. इंग्रजीत कसं म्हणायचं तेवढं सांगा."

शाळेपर्यंत ती ते एकच वाक्य घोकत होती. अडखळली की पहिल्यापासून. कार्यालय बंद होता होता पोचलो. कारकून बाईला पहिल्यांदा कळलं नाही. काकूने पुन्हा म्हटलं, सावकाश. बाईने मान डोलावली, सही घेतली.

दुसऱ्या दिवशी लस झाली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत काकू बायकांना सांगत बसली.

"आता आपलं काय गं?" एकीने विचारलं.

"आपण त्या कॅन्सरची तपासणी करून घ्यायची. भाषेला घाबरू नका, दुभाषी मागा. फुकट असते."

"आणि मुलग्यांना देतात का लस?"

काकूला ठाऊक नव्हतं. "थांब," ती म्हणाली. "अंदाजपंचे नको." तिने हात पुसले आणि दवाखान्याला फोन लावला.