सालींचं पाणी

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास आई बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली. दाराला आतून कडी होती. दादाने आणि मी मिळून दार तोडलं. बुधवारी दुपारी मंचरच्या एका दवाखान्यात ती वारली. वय एकाहत्तर. बाथरूमच्या फरशीवर त्या वेळी दोन गोष्टी होत्या. एक, वहिनींनी घरी केलेलं सालींचं पाणी. दुसरी, गावाच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. त्या दिवसापर्यंत दोन्हींपैकी एकानेही आमच्या घरात कुणाला इजा केलेली नव्हती.

आमचं घर लोणीच्या पुढे वस्तीवर आहे. घरात आई, दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि दोन वर्षांपासून मी. त्याआधी मी पुण्यात एका दैनिकात होतो.

आईच्या छातीचं दुखणं जुनं होतं. निम्मं आयुष्य चुलीपुढे आणि उरलेलं कांदा भरताना उडणाऱ्या धुळीत गेलं होतं. मी घरी परतलो त्या वर्षी डॉक्टरांनी एक यादी करून दिली. चूल नको, उदबत्ती नको, फिनेल नको, संडास धुवायचं ॲसिड नको, टीसीएल नको. उग्र वासाचं घरात काहीच नको. यादी वहिनींनी फ्रिजवर चिकटवली आणि त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या बाटल्या गोठ्यामागे नेऊन ठेवल्या.

वहिनींचं माहेर बोरी बुद्रुक. तिथे त्यांच्या आईकडे कपड्यांना रिठा आणि पितळेला चिंच, एवढंच त्यांना आठवत होतं. बाकीचं त्या मोबाइलवर बघून शिकल्या. मंचरच्या रसवाल्याकडून मोसंबीच्या आणि लिंबाच्या साली आणायच्या. गुऱ्हाळावरचा काळा पडलेला गूळ आणायचा. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. तीन महिने निळ्या कॅनमध्ये मुरू द्यायचं. पहिला महिनाभर रोज सकाळी झाकण सैल करून आतली हवा सोडायची. ते काम त्या दूध काढून झाल्यावर करत. फुस्स आवाज आला की आई ओट्यावरून म्हणायची, "उठलं गं तुझं लेकरू."

भांड्यांसाठी रिठे उकळून त्यांचा फेस काढत. रिठे पेठेतल्या एका मारवाडी शेठजींच्या दुकानातून येत. त्यांच्या तीन पिढ्या तिथेच गेल्या आणि ते आमच्याहून शुद्ध मराठी बोलतात. मी एकदा सोबत होतो. शेठजी रिठे तोलताना म्हणाले, "वहिनी, फिनेलची पेटी माझ्याकडे पडून आहे, आणि तुम्ही माझ्याच दुकानातून रिठे नेऊन माझंच गिऱ्हाईक तोडताय."

"मग रिठे महाग करा," वहिनी म्हणाल्या.

"केलेच आहेत. तुमच्या लक्षात नाही आलं."

पहिलं पाणी फाल्गुनात गाळलं. रंग चहासारखा, वास आंबूस, थोडासा लोणच्याचा. एक वाटी पाणी बादलीभर पाण्यात घालून वहिनी फरशी पुसत. बाथरूमसाठी मात्र ते तसंच, पाणी न घालता ओतायचं, कोपऱ्यांत पसरायचं आणि अर्धा तास राहू द्यायचं. मग घासायचं. त्या अर्ध्या तासात कुणी आत जायचं नाही, फरशी निसरडी होते, असा त्यांचा घरात नियम होता.

त्या उन्हाळ्यात आईचं दम्याचा पंप मारणं कमी झालं. दिवसातून चार वेळा लागायचा, तो दोन वेळांवर आला. हे मी लिहून ठेवत होतो, कारण डॉक्टर विचारायचे. वैशाखात ती देवळापर्यंत चालत गेली आणि परत आली. मधे एकदाच बसली. डॉक्टर वहिनींना म्हणाले, "जे करताय ते चालू ठेवा." वहिनींनी घरी येऊन हे वाक्य तीनदा सांगितलं.

आईला मात्र ते पाणी पटलेलं नव्हतं. श्वास सुधारलाय हे तिला मान्य होतं. घर स्वच्छ होतंय हे मान्य नव्हतं.

"वासच न्हाई," ती म्हणायची. "वास न्हाई तर धुतलं कसं म्हनायचं?"

"आत्या, वासानंच तर तुम्हाला त्रास होतो," वहिनी सांगायच्या. सासूला त्या आत्या म्हणत.

"अगं, ह्यो लोनच्याचा वास. पावना म्हनंल, मोरीत जेवत्यात का काय ही मानसं."

स्वच्छ म्हणजे टीसीएलचा वास, हे आईच्या डोक्यात कसं बसलं ते मला माहीत आहे. माझे वडील एकतीस वर्षं गावाला पाणी सोडायचे. रोज पहाटे टाकीवर जायचे, बादलीत पावडर कालवायचे, टाकीत ओतायचे. घरी आले की हाताला, शर्टाला, सायकलच्या मुठींना तो वास असायचा. गावात पटकीची साथ आली त्या वर्षी आजूबाजूच्या वाड्यांवर माणसं गेली, आमच्या वस्तीवर एकही गेलं नाही. आई ते श्रेय वडिलांच्या पावडरीला द्यायची. पाण्याचं औषध, असं ती तिला म्हणायची. जी पाण्यात घालून आपण पितो ती अंगाला काय करणार, हा तिचा प्रश्न होता. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. आता चुलतभाऊ पाणी सोडतो. आई त्याच्याकडे पावडर मागायची आणि तो काकीला नाही म्हणत नसे. डॉक्टरांच्या यादीबद्दल त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायला हवं होतं, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

त्या रविवारी पुतणीला बघायला नारायणगावकडचे पाहुणे यायचे होते. मुलगा चाकणला कंपनीत. माणसं अकराला येणार होती. शनिवारी दिवसभर घर आवरलं. भांडी रिठ्याने, देवाची पितळी भांडी चिंचेने, फरशी सालींच्या पाण्याने. वहिनींनी खिडक्यांच्या काचा जुन्या वर्तमानपत्राने पुसल्या. वर्तमानपत्र माझंच होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या पेपरचा एवढा तरी उपयोग."

आई दुपारपासून एकच विषय घेऊन बसली होती.

"मोरीत फिनेल टाक. एक दिवस टाक. मी बसते की बाहेर ओट्याला."

"नाही आत्या."

"अगं, बायका पहिली मोरी बघत्यात. मुलगी मागून बघत्यात."

"बघू द्या. मोरी स्वच्छ आहे."

"तुला लई कळतं," आई म्हणाली. पुतणी हसली. आईही हसली. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

रविवारी सव्वानऊला वहिनींनी बाथरूमच्या फरशीवर सालींचं पाणी ओतलं. अंदाजे दीड लिटर. नेहमीपेक्षा जास्त, कारण पाहुणे येणार होते. दार लोटून त्या स्वयंपाकघरात पोहे भिजवायला गेल्या. दादा अंगणात खुर्च्या मांडत होता. मी फाट्यावर पेढे आणायला गेलो होतो आणि साडेनऊला परत आलो. आई तेव्हा ओट्यावर नव्हती. मी विचारलं नाही.

पुढचं कुणी पाहिलेलं नाही. जागेवर जे सापडलं त्यावरून एवढं सांगता येतं. आई गोठ्यामागून जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. बहुधा सुनेला कळू नये म्हणून. थंडीमुळे वरच्या जाळीला आम्ही दिवाळीतच पुठ्ठा लावला होता. फरशी ओली दिसली, ते तिला साधं पाणी वाटलं असेल. तिने डब्यातली पावडर मुठीने टाकली. डबा अर्धा रिकामा होता. हातात खराटा होता.

पुतणीला खोकल्याचा आवाज आला. आजी नेहमीच खोकते म्हणून तिने लगेच लक्ष दिलं नाही. मग खोकला थांबला. थांबला म्हणून तिने हाक मारली.

दार तोडल्यावर आतून जो वास आला तो माझ्या ओळखीचा होता. वडील टाकीवरून यायचे तेव्हाचाच, पण कितीतरी पटींनी तीव्र. डोळे उघडे ठेवता येत नव्हते. दादाने तोंडाला टॉवेल बांधून आईला बाहेर ओढलं. श्वास चालू होता. ओठ निळे होते. वहिनी पंप घेऊन धावल्या, पण आईला तो ओढता येत नव्हता.

गाडीत आईला एकदा शुद्ध आली. डोकं वहिनींच्या मांडीवर होतं. ती म्हणाली, "पावनं आलं का?"

"येतायत," वहिनी म्हणाल्या.

"मोरी धुतली मी."

आईचं हे शेवटचं बोलणं. त्यानंतर तिला नळी घातली.

पाहुणे तोवर मंचरपर्यंत आले होते. दादाने फोन करून सांगितलं. ते परत गेले नाहीत, दवाखान्यात आले. मुलाचे वडील दुपारभर आमच्याबरोबर बाकावर बसले. मुलीचा विषय त्यांनी काढला नाही. जाताना त्यांच्या बायकोने वहिनींचा हात धरला आणि म्हणाली, "ताई, खाऊन घ्या काहीतरी." त्या घरच्या बायका कशा आहेत, हे आईला बघायचं होतं.

मातीला भावकी जमली. बोलणं सुरू व्हायला वेळ लागला नाही. चुलती म्हणाली, "तीन-तीन महिनं कुजवलेलं पानी ते. त्यात विषच व्हनार."

दुसरी म्हणाली, "मोबाइलवर बघून संसार करत्यात आताच्या."

"लिंबाच्या सालीनं कुठं मानूस मरतं का?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मेलं की, राव. समोर हाय."

वहिनी तीन हातांवर बसलेल्या होत्या. चुलतभाऊ दाराबाहेर उभा होता. पावडर त्याने दिली होती, हे तोवर फक्त दादाला आणि मला माहीत होतं. दहाव्याला तो स्वतः सगळ्यांपुढे म्हणाला, "डबा मी दिला व्हता. काकीनं मागितला, मी दिला." वहिनींवरचं बोलणं त्यामुळे कमी झालं, थांबलं नाही.

तेराव्यानंतर वहिनी दवाखान्यात जाऊया म्हणाल्या. कागद आणायचे होते, पण त्या कागदांसाठी येत नव्हत्या. आईला अखेरचे तीन दिवस बघणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं. वहिनींनी सरळ विचारलं, "त्या माझ्या पाण्यानं गेल्या का?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सालींचं पाणी आंबट असतं. टीसीएलमध्ये कोणतंही आंबट मिसळलं, लिंबू असो, व्हिनेगर असो, संडासाचं ॲसिड असो, की विषारी वायू निघतो. जागा बंद होती. फुप्फुसं आधीच कमजोर होती.

"माझं पाणी नसतं तर?"

"तर हे झालं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "पावडर नसती तरी झालं नसतं. घरातल्या बाकी कुणाचं नुसत्या खोकल्यावर निभावलं असतं."

"दोन्हींत आंबट माझं होतं," वहिनी म्हणाल्या. परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही एवढी वर्षं बातम्या लिहिल्या. ही कशी लिहिली असती?" मी म्हणालो, दोन ओळींत. त्या म्हणाल्या, "त्यात मी असते का?" मी हो म्हणालो.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मोठ्या निळ्या कॅनमधलं पाणी बांधावर ओतलं. रिठे ठेवले. ते आंबट नाहीत, हे त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

सालींचं पाणी वस्तीवर आणखी सात घरांत गेलं होतं. मागेल त्याला वहिनी बाटली भरून देत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. दादा म्हणाला, फोन कर. त्यांनी ऐकलं नाही. मी बरोबर गेलो. प्रत्येक घरी त्या आत जाऊन पहिल्यांदा बाथरूम बघत, मग बाटली मागत, मग का ते सांगत. तिसऱ्या घरी आमच्या पाण्याशेजारीच टीसीएलची पिशवी लटकवलेली होती. त्या घरच्या बाईने आमच्यापुढेच दोन्ही उचलून दिल्या. पाचव्या घरी म्हातारी म्हणाली, "राहू दे की गं. माझी फरशी कशी आरशावानी झालीय बघ." वहिनी तिच्याजवळ बसल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हातारीने बाटली दिली.

सहा बाटल्या परत आल्या. सातव्या घराला कुलूप होतं. ती माणसं दोन महिन्यांपूर्वी भोसरीला राहायला गेली आहेत आणि सुटीला येतात. वहिनींनी तिथूनच फोन लावला. बाई म्हणाली, बाटली बाथरूममध्येच आहे, निम्मी भरलेली आहे, किल्ली भोसरीला तिच्याकडे आहे.